दिवेलागणीची फाईल

मळा, वणी रोड
५ नोव्हेंबर २०२५

पत्ता नसलेल्या दिरास,

फोनवर तुम्हाला काही विचारलं की तुम्ही ‘हो हो’ म्हणता आणि तिसरंच काहीतरी सुरू करता. काल एवढा वेळ बोललो, त्यातून मला फक्त एवढंच कळलं की एकलहऱ्याला भजी चांगली मिळतात. म्हणून मेल लिहितेय. उत्तरही लिहूनच द्या.

लॅपटॉपमध्ये तुम्ही जे बसवून दिलं होतं ते चालत नाहीये. विसरला असाल म्हणून पुन्हा सांगते. आपल्या द्राक्ष गटातल्या सगळ्या बागांच्या फवारणीच्या नोंदी मी ठेवते. संध्याकाळी काम संपवून मी साइन आऊट केलं की त्या दिवसाची फाईल आपोआप गटाच्या मोठ्या ऑफिसला गेली पाहिजे. हाताने पाठवलेली चालत नाही. बाहेर देशातल्या खरेदीदाराला दिवस संपताना तिथल्या तिथे बंद झालेली नोंद हवी असते, म्हणजे मागाहून कोणी तारखा फिरवल्या नाहीत अशी त्याची खात्री पटते. दुसऱ्या दिवशी गेलेली फाईल म्हणजे संशयाची फाईल.

आधी मी गटाच्या खोलीत बसायचे तेव्हा सगळं जात होतं. दसऱ्यानंतर त्या खोलीत माझ्या टेबलाच्या कोपऱ्यात खोकी भरली आणि मी घरून काम करायला लागले. तेव्हापासून संध्याकाळच्या फाईली जातच नाहीत. मी सकाळी फोन करून ऑफिसला सांगते, ते म्हणतात बघू.

अध्यक्ष बहिरू आप्पा परवा चारचौघांत म्हणाले, घरी बसल्यावर बाईमाणसाचं लक्ष चुलीकडेच जाणार. त्यांची सून सायली नाशिकला कोर्स करून आलीय. डिसेंबरच्या बैठकीत हे काम कोणाकडे ठेवायचं ते ठरणार आहे. भाऊजी, लग्न होऊन आल्यापासून मी ‘योगेशची बायको’ होते. या कामामुळे लोक मला उज्वलाताई म्हणायला लागले. ते मला सोडायचं नाही.

एकलहऱ्याहून आपला मळा काही लांब नाही. या. आई बोलणार नाहीत, पण जेवायला वाढतील.

उज्वला


एकलहरे
७ नोव्हेंबर

वहिनी,

पत्र वाचलं. दोनदा वाचलं, तुमची शप्पथ.

यायला जमणार नाही. इथे कॉलनीत कॅमेरे बसवायचं काम धरलंय आणि ठेकेदार असा आहे की चहा प्यायला गेलं तरी तोंड वाकडं करतो. शिडीवर चढलं की वीज केंद्राच्या चिमण्या एकदम समोर येतात. काल मी एका चिमणीचा धूर बघत बसलो, तो सरळ वर जायचा आणि मग एका ठिकाणी असा मोडायचा, जसं काही तिथे वर कौल आहे. खालून ठेकेदार ओरडला तेव्हा कळलं की कॅमेरा भिंतीकडे तोंड करून बसवलाय.

आता तुमचं. माझ्या कामात चूक नाही. नाशिकरोडच्या दुकानात होतो तेव्हा मी तो लॅपटॉप टेबलावर ठेवून कितीतरी वेळा साइन आऊट करून बघितलेलं आणि दर वेळी फाईल गेली होती. चूक वापरणाऱ्याची असते, हे मी त्या दुकानात शिकलो. तुम्ही साइन आऊट करतच नसणार. झाकण लावून मोकळ्या होत असणार. झाकण लावणं म्हणजे मशीन झोपणं. झोपलेलं मशीन काही पाठवत नाही. खालच्या कोपऱ्यातलं बटण, त्यात तुमचं नाव, त्यात साइन आऊट. मग झाकण.

आई खरंच वाढेल का? बारावी अर्धवट सोडून ऐन छाटणीच्या हंगामात घरातून निघालो, त्याला दोन वर्षं होत आली. तिच्या जागी मी असतो तर मला वाढलं नसतं.

सार्थक


मळा
९ नोव्हेंबर

शहाण्या भाऊजींस,

मी साइन आऊटच करते. तुमचं पत्र येण्याच्या आधीपासून करते. काल तुमच्या भावाला शेजारी उभं केलं आणि त्यांच्यासमोर तुमच्या नावाने बोटं मोडत साइन आऊट केलं. फाईल गेली नाही. ते म्हणाले, सार्थकला विचार. जसं काही मी इतके दिवस सोयाबीनला विचारत होते.

आज मात्र एक झालं. दुपारी जेवणानंतर सहज करून बघितलं, तर गेली. संध्याकाळी पुन्हा केलं, नाही गेली. तेच मशीन, तीच मी, तेच बटण. दुपारी चालतं आणि संध्याकाळी नाही, हे मशीन आहे की जावई?

तुम्ही फोनवर ते लांबून स्क्रीन बघायचं म्हणाला होता. फाईल चिमूटभर असते म्हणून जाते, स्क्रीन दिसण्याइतकं नेट आपल्या मळ्यात कुठे आहे?

उज्वला


नामपूर
११ नोव्हेंबर

वहिनी,

सापडलं. तुम्हीच सांगितलंत आणि तुम्हालाच कळलं नाही. दुपारी जातं, संध्याकाळी जात नाही. संध्याकाळी काय होतं? पोरं शेतातून येतात, घराच्या धाब्यावर चढतात आणि रील बघत बसतात. टॉवर एक, पोरं शंभर. तुमची फाईल दारातच उभी राहते, आत कोणी घेत नाही.

सोबत एक ओळ पाठवलीय. मी बसवलेल्या पाठवायच्या स्क्रिप्टच्या फाईलीत ती शेवटी चिकटवायची, बाकी कशाला हात लावायचा नाही. त्या ओळीने मशीन फाईल जाईपर्यंत थांबून थांबून परत प्रयत्न करेल.

एकलहऱ्याचं काम सुटलं. मी सोडलं म्हणा, ठेकेदार वेगळं सांगेल. नामपूरला आलोय. एका आडत्याकडे वजनकाट्याला मोठा आकडे दाखवणारा बोर्ड जोडायचाय. इथला कांद्याचा लिलाव तुम्ही बघायला पाहिजे. लिलाव करणारा माणूस ढिगाकडे बघतसुद्धा नाही, एका कांद्याला अंगठा लावतो आणि बोलत सुटतो. मी त्याच्या मागे सकाळभर फिरलो. बोर्ड अजून खोक्यातच आहे. आडत्या अहिराणीत मला काहीतरी म्हणाला, त्यातलं मला फक्त ‘शे’, म्हणजे ‘आहे’, एवढंच कळलं. बाकीचं चांगलं नसावं.

सार्थक


मळा
१७ नोव्हेंबर

सार्थक भाऊजींस,

आधी वाईट बातमी. रंगूबाई आजी गेल्या, आप्पांच्या चुलती. तुम्ही ओळ पाठवली त्याच्या दुसऱ्या दिवशीच. आपलं आणि आप्पांचं सुतक एकच, सगळी भावकी त्यात. घरात येणंजाणं आहे, पण फवारण्या थांबत नाहीत, म्हणून मी नोंदी चालू ठेवल्यात.

आणि चांगली बातमी ही की फाईल जातेय. तुमची ओळ चिकटवली त्या रात्री गेली नाही, मला वाटलं झालं, भाऊजींचं ते भाऊजींचंच. पण दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी न चुकता जातेय. ऑफिसच्या मॅडमनी स्वतः फोन केला.

तुमच्यावर उगाच चिडले. काम करता करता कुठे जेवता का?

उज्वला


सुरगाण्याच्या बाजूला
१९ नोव्हेंबर

वहिनी,

रंगूबाई आजी मला लहानपणी बोरं द्यायची आणि वर म्हणायची, झाडाला दगड मारशील तर हात तोडीन. वाईट वाटलं.

बाकी मी काय म्हणालो होतो? एक ओळ. एका ओळीत काम. बहिरू आप्पांना सांगा, कोर्सला पैसे लागतात, डोक्याला नाही. तुम्ही तुमच्या सायलीबाईंना पण ती ओळ दाखवा, शिकतील.

नामपूरला राजू नावाचा एक दोस्त भेटला, कांद्याच्या गाडीवर मजुरीला आलेला. तो भात झोडायला घरी निघाला होता, मीही चढलो. त्याची आई भागीबाई मला नागलीची भाकरी शिकवतेय. माझ्या भाकरीला कडा येतच नाहीत, नकाशा होतो. तिची भाषा मला अर्धी कळते, हसणं पूर्ण कळतं. रेंजसाठी टेकडीवर चढावं लागतं, तेव्हा उत्तराला उशीर झाला तर समजून घ्या. तसंही आता काही लिहायचं उरलेलं नाही.

सार्थक


मळा
२८ नोव्हेंबर

एका ओळीत काम करणाऱ्या भाऊजींस,

परत बंद पडलं.

सोमवारी आजींचं तेरावं झालं, आणि त्याच संध्याकाळपासून फाईल जात नाही. तुमची ओळ जिथे होती तिथेच आहे. धाब्यावरच्या पोरांचं म्हणाल, तर ती सुतकातही रील बघतच होती, मी आज जाऊन विचारलं. लाज वाटली विचारायला.

आता ऐका बहिरू आप्पांचं. ते काल चारचौघांत म्हणाले, सुतकात तुम्हाला सणवार नाही, पूजा नाही, तेव्हा बरोबर वेळेवर फाईली आल्या. सुतक फिटलं, की परत पहिल्यासारखं. म्हणजे मशीन चांगलं आहे, माणूस मनावर घेत नाही. आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मलाही क्षणभर ते खरं वाटलं, भाऊजी, इतकं सरळ दिसतंय ते. वर ते असंही म्हणाले, की ज्या दिवशीच्या फाईली आल्या नाहीत त्या दिवशीच्या नोंदी मी नंतर बसून मनाने भरल्या नसतील कशावरून. आपल्या गटातल्या पुंजाभाऊंच्या बागेच्या नोंदी त्यात आहेत. त्या संशयाच्या धरल्या तर त्यांचा माल बाहेर जाणार नाही.

सात तारखेला बैठक आहे. तुम्ही येणार नाही हे मला माहीत आहे. निदान भाकरी थापायचं थांबवा आणि विचार करा.

उज्वला


सुरगाण्याच्या बाजूला
३० नोव्हेंबर

वहिनी,

तुमचं पत्र टेकडीवर वाचलं आणि तिथेच बसलो. माझी ओळ चालली नव्हतीच. ती चालली असती तर आजही चालली असती. मी मधल्या मध्ये फुशारकी मारून घेतली.

मला त्या मशीनचा इतका राग आलाय की काय सांगू. मी काल सगळा दिवस डोक्यात ते उघडून बंद करत होतो. भागीबाई म्हणाली, हा पोरगा भाताकडे बघतो पण भात बघत नाही.

आता एक करा. संध्याकाळी साइन आऊट करायच्या आधीच्या अर्ध्या तासात तुमच्या खोलीत जे जे होतं ते लिहा. मशीनचं नाही, घराचं. कोण येतं, कोण काय उचलतं, मांजर कुठे बसतं. तुम्हाला वाटेल याचा काय संबंध, तेच आधी लिहा. मला चांगलं काही शिकवलेलं नाही कोणी, पण दुकानातला शेठ एक गोष्ट बरोबर करायचा, गिऱ्हाईक मशीन घेऊन आलं की तो आधी विचारायचा, हे घरात कुठे ठेवता.

सार्थक


मळा
१ डिसेंबर

भाऊजी,

तुम्ही म्हणता म्हणून लिहिते, नाहीतर मला भाकऱ्या टाकायच्या आहेत.

मी देवघराच्या खोलीत बसते, कारण बोर्ड तिथेच आहे. त्या बोर्डाला पिन लावायच्या दोन जागा होत्या, एक मिक्सरने जळाली, तुमचे भाऊ दिवाळीपासून बदलतायत. दिवस मावळताना शेवटचे फोन येतात, पुंजाभाऊ नेहमी सगळ्यात उशिरा. मी बेरीज बघते. मांजर नाही आपल्याकडे, मेलं. मग आई हातपाय धुऊन दिवाबत्तीला येतात. मी फोनवर असले तर त्या हाताने खूण करतात, चालू दे म्हणून. देवाला तेलाचं निरांजन ओवाळतात. नंदादीप मात्र आता विजेचा आहे, कारण मागे उंदराने पेटती वात ओढून नेली आणि पडदा जळाला. तो दिवा त्या लावतात, मग उभ्या राहून स्तोत्र म्हणतात. ते संपत आलं की मी साइन आऊट करून उठते आणि हात जोडते. दिवेलागणीला घरात स्क्रीन चालू नको, ही त्यांची एकच अट आहे, आणि मी ती पाळते. मग स्वयंपाक.

एवढंच. सापडलं काही यात?

उज्वला


सुरगाण्याच्या बाजूला
२ डिसेंबर

वहिनी,

विजेचा दिवा आई कुठे लावते?

उत्तर द्यायची गरज नाही, मला दिसतंय. बोर्डावर चालू जागा एक. तिथे तुमच्या लॅपटॉपची पिन. आई ती काढते आणि देवाचा दिवा लावते. तुम्ही फोनवर असता किंवा बेरजेत असता, लॅपटॉप आतल्या बॅटरीवर चालत राहतो, तुम्हाला कळतच नाही. आणि मग तुम्ही साइन आऊट करता.

फाईल आपोआप पाठवायचं काम ज्यात लावलंय, त्या शेड्युलरमध्ये एक खूण असते. मशीन बाहेरच्या विजेवर असेल तरच हे काम कर, बॅटरीवर असेल तर करू नको. ती खूण कंपनीकडून आधीच केलेली येते. मी ती कधी बघितली नाही, कारण दुकानात आणि गटाच्या खोलीत पिन कायम लावलेली असायची. दुपारीही लावलेली असते. आणि सुतकात घरातला देव अंधारात होता. दिवा नाही, म्हणून कोणी पिन काढली नाही, म्हणून रोज फाईल गेली. तेरावं झालं, दिवा लागला, फाईल थांबली.

शेड्युलर उघडा, आपलं काम निवडा, कंडिशन्स नावाचा भाग, त्यात पॉवरच्या खालची पहिली खूण काढून टाका. तीन-चार क्लिक. यासाठी आपण महिनाभर एकमेकांचं डोकं खाल्लं.

बैठकीत हेच सांगा. सुतकाचे दिवस आणि फाईलींचे दिवस जुळवून दाखवा. आप्पा त्याच सुतकात होते, त्यांना पटेल.

सार्थक


मळा
४ डिसेंबर

भाऊजी,

खूण काढली. काल आईंनी पिन काढली, मी गप्प बघत राहिले, साइन आऊट केलं, आणि फाईल गेली. आजही गेली. मी न्हाणीत जाऊन थोडं रडले, तुमच्या भावाला सांगू नका.

पण बैठकीत मी दिव्याचं सांगणार नाही. गटाच्या वीस-पंचवीस पुरुषांसमोर उभं राहून मी म्हणू, की माझ्या सासूच्या देवापायी तुमच्या नोंदी अडल्या? पुंजाभाऊंचा माल अडला तर लोक आयुष्यभर आईंकडे बोट दाखवतील. त्यांनी मला एकदाही म्हटलं नाही की हे काम सोड. गावातल्या किती सासवा असं करतात? मी सांगेन की मशीनमध्ये बिघाड होता, तो काढला.

उज्वला


सुरगाण्याच्या बाजूला
५ डिसेंबर

वहिनी,

‘बिघाड होता’ याला कोण विचारतं? आप्पा म्हणतील, बिघाड सुतकात बरा कसा झाला? मग तुम्ही काय बोलणार? तुमच्याकडे पुरावा एकच आहे आणि तो तुम्ही पदराखाली धरून बसलात. काम जाईल, पुंजाभाऊ अडकतील, आणि आई देव्हाऱ्यासमोर हात जोडून तुमच्यासाठीच काहीतरी मागत असेल.

माझ्यावर ढकला. दिराने अर्धवट काम केलं म्हणा. ते खरंच आहे, आणि माझ्या नावाला आता काय धक्का लागायचा राहिलाय? पण दिव्याशिवाय ते पटणार नाही, हे मी लिहून देतो. दोन दिवसांत दहा वेळा ही टेकडी चढलोय, तुमचं ‘बरं’ एवढं एक अक्षर आलं का बघायला. आलं ते ‘सांगणार नाही’.

सार्थक


मळा
८ डिसेंबर

भाऊजी,

काल बैठक झाली.

मी ठरवलं तसंच बोलले. बिघाड होता, दिराकडून राहून गेलं होतं, आता काढलाय. आप्पांनी तुम्ही लिहिलं होतं तोच प्रश्न विचारला, अगदी शब्दाला शब्द. मी पुन्हा तेच म्हटलं, बिघाड होता. सायली खाली बघत होती, तिलाही बरं वाटत नसावं. आप्पा म्हणाले, मग पुंजाच्या नोंदी कशा धरायच्या? पुंजाभाऊ उठून उभे राहिले आणि परत बसले. 

तेवढ्यात दारात चपलांचा आवाज झाला. आई.

त्या कधी गटाच्या खोलीत आल्या नव्हत्या. डोक्यावरचा पदर नीट करून आत आल्या आणि आप्पांना म्हणाल्या, “बहिरू भाऊ, वायर मी काढत होते.”

कोणाला काही कळेना. तुमच्या भावाने परवा रात्री तुमची पत्रं त्यांना वाचून दाखवली होती, मला न सांगता. त्यांनी सगळं सांगितलं, दिवा, बोर्ड, पिन. मग म्हणाल्या, “तुमच्याही घरी तेव्हा दिवा नव्हता. तुमच्या बायकोला विचारा कधी विझला आणि कधी लागला. आणि हिच्या फाईली कोणत्या दिवशी आल्या ते तुमच्या फोनात बघा.”

आप्पांनी खरंच बघितलं. खोलीतल्या निम्म्या लोकांना ते दिवस तोंडपाठ होते, कारण तेही त्याच सुतकात होते. आजी गेल्या तेव्हापासून तेराव्यापर्यंत एकही फाईल चुकलेली नाही, आणि त्याच्या आधी मी घरून काम धरल्यापासून, नंतर खूण काढेपर्यंत, संध्याकाळची एकही आलेली नाही. मनाने भरणाऱ्या बाईला इतकं नेमकं चुकवता येत नाही, असं ऑफिसहून आलेल्या मॅडमच म्हणाल्या. पुंजाभाऊंच्या नोंदी धरल्या. काम माझ्याकडे राहिलं.

आप्पांना राग गिळता येईना. ते म्हणाले, “वहिनी, महिनाभर हा घोळ चालला, तुम्ही बोलल्या का नाही?”

आई म्हणाल्या, “मला विचारलं कोणी? पोरगा सुनेला विचारतो, सून मशीनला विचारते, आणि तुम्ही तर कोणालाच विचारत नाही.”

येताना वाटेत मी त्यांना म्हटलं, तुम्ही यायला नको होतं. त्या म्हणाल्या, दिवा देवाचा आहे, चूक झाकायला नाही.  मळा जवळ आला तेव्हा म्हणाल्या, सार्थकचं अक्षर सुधारलंय का गं? मी म्हटलं, आई, ते टाइप केलेलं असतं. त्या म्हणाल्या, मग तरी बरं लिहितो.

संध्याकाळी मी बेरीज करत होते. आई हातपाय धुऊन आल्या. निरांजन ओवाळलं. मग बोर्डाशी गेल्या, पिनेला हात लावला आणि थांबल्या. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “काढू का?”

मी म्हटलं, “काढा.”

फाईल गेली.

उज्वला